सकाळी डोकं धुणं सोडलं आणि केस वाचले

पाऊस लागला की आमच्या फोंड्याकडे तीन गोष्टी वाळत नाहीत, दोरीवरचे कपडे, दारातलं पायपुसणं आणि बायकांचे केस. कपड्यांसाठी आपण आतल्या खोलीत दोऱ्या बांधतो, पंखा लावतो, इस्त्री फिरवतो. केसांना मात्र ओलेच गुंडाळून क्लचर मारतो आणि बस पकडायला पळतो.

मी हे जवळजवळ नऊ-दहा वर्षं केलं. सकाळी सहाला डोक्यावरून आंघोळ, कारण डोकं धुतल्याशिवाय जागच येत नाही असं मला वाटायचं, मग टॉवेलने खसाखसा पुसायचं, टॉवेलचाच फेटा बांधून डबे भरायचे, आणि निघताना ओल्या केसांचा घट्ट अंबाडा. फोंडा ते पणजी बस, पावसामुळे खिडक्या बंद, आत सगळ्यांच्या छत्र्या ठिबकतायत, तिथून ऑफिसचा एसी. दुपारी जेवताना अंबाडा सोडला की आतले केस अजून ओलेच आणि वास असा की ओलं फडकं डब्यात बंद करून विसरलंय कोणीतरी. खाज तर विचारूच नका.

कपाळाजवळ आणि कानांच्या वर बोटभर लांबीचे उभे केस दिसायला लागले तेव्हा मी खूश झाले होते, म्हटलं चला नवीन केस येतायत. पार्लरवाल्या ताईने एक केस बोटावर धरून दाखवला. म्हणाली नवीन केसाचं टोक निमुळतं असतं, हे बघ तुझं बोथट आहे, हे नवीन नाहीत, तुटलेत. तुम्ही पण आत्ता आरशासमोर जाऊन बघा, उजेडात कळतं.

तर माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की केस कोरडे असताना तुम्ही काय लावता याने जेवढा फरक पडतो त्याहून जास्त फरक ते ओले असताना तुम्ही त्यांचं काय करता याने पडतो. केस केराटिन नावाच्या प्रोटीनचा असतो, पाण्याने त्याच्या आतले काही बंध तात्पुरते सुटतात, तो फुगतो आणि रबरासारखा ताणला जातो. अशा वेळी ओढला, पिळला, घट्ट बांधला की तुटतो. आणि डोक्याची कातडी तासनतास ओली, गरम, झाकलेली राहिली की कोंडा आणि खाजेला मोकळं रान. म्हणून डोकं धुवायची वेळ बदला. सकाळची संध्याकाळ करा. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

आता संध्याकाळी म्हटलं की घरातून आवाज येणारच. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून काय बसलीस? आमच्याकडे दिवेलागणीला केस विंचरायचे नाहीत, अमुक वारी डोक्यावरून न्हायचं नाही, असे नियम आहेत आणि प्रत्येक घरचे वार वेगळे. मला वाटतं पूर्वी घरात उजेड कमी, चुलीजवळ बायका, केस जेवणात जायचे, म्हणून असेल, पण सासूबाईंशी मी वाद घातला नाही. देवाला दिवा लावून झाला की मग मी न्हाणीघरात जाते, बुधवारी आणि रविवारी. बुधवारी ऑफिसातून आले की आधी तेल, मग भाताचा कुकर, मग दिवा, मग डोकं. साडेसात-आठला धुतलं तर पंख्याखाली स्वयंपाक-जेवण होईपर्यंत दहापर्यंत वाळतात. माझे खांद्याच्या थोडे खाली आहेत, कमरेपर्यंत असतील तर अर्धा तास आधी सुरू करा, आणि ओलं डोकं घेऊन झोपू नका नाहीतर सकाळचा घोटाळा आपण फक्त रात्रीवर ढकलला.

तेलाबद्दल जरा जास्त बोलते कारण याबाबतीत आपण सगळ्या हट्टी आहोत. खोबरेल चांगलंच आहे. २००३ मध्ये एक अभ्यास छापून आला होता ज्यात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल अशी तुलना केली होती, त्यात केसातलं प्रोटीन निघून जाणं कमी केलं ते फक्त खोबरेलने. आता तो अभ्यास पॅराशूटवाल्या मॅरिको कंपनीच्याच लोकांनी केलेला, त्यामुळे थोडं हसू येतं, पण कारण पटण्यासारखं आहे, खोबरेलमधलं लॉरिक ॲसिड लहान आणि सरळ असतं त्यामुळे केसाच्या आत शिरतं, बाकीची दोन्ही वरच राहतात. याचा अर्थ तेलाचा खरा उपयोग धुवायच्या आधी आहे, म्हणजे पाण्याने केस कमी फुगतो. धुवून झाल्यावर चोपडून बसमध्ये बसायचं नाही, त्याने फक्त धूळ चिकटते आणि कपाळावर पुरळ येतं.

किती लावायचं? खांद्याएवढ्या केसांना दोन छोटे चमचे बास. तळहातावर चोळून आधी टोकांना, मग मधल्या लांबीला, आणि उरलं तर टाळूला. आपण नेमकं उलटं करतो, टाळूवर धार सोडतो आणि टोकं कोरडी ठणठणीत. अर्धा तास ठेवलं तरी चालतं. रात्रभर ठेवायची काही गरज नाही, त्यातून उशीचे अभ्रे धुवायचं काम वाढतं. घाण्याचं तेल मिळत असेल तर घ्या, फक्त वास घेऊन बघा, खवट झालं असेल तर नको. आणि स्वयंपाकाची बाटली नि केसांची बाटली वेगळी ठेवा, आमच्याकडे एकदा फोडणीला माका घातलेलं तेल गेलं होतं, त्या दिवशीची भाजी अजून घरात काढतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी तेल गोठलेलं दिसलं तर घाबरू नका, साधारण २४ अंशांच्या खाली खोबरेल गोठतंच, बाटली गरम पाण्याच्या तांब्यात ठेवली की झालं.

पण कोंडा असेल तर तेल नको. हे ऐकून माझी आई अजूनही नाराज होते. तिच्या मते कोंडा म्हणजे डोकं कोरडं पडलं, मग तेल थाप. खरं तर कोंड्यामागे बहुतेक वेळा मॅलासेझिया नावाची बुरशी असते, ती प्रत्येकाच्या डोक्यावर थोडीफार असतेच आणि ती जगते तेलकटपणावर. म्हणजे आपण तिला जेवण वाढतो. केमिस्टकडे किटोकोनाझोलचा शाम्पू मिळतो, आठवड्यातून दोनदा, टाळूला लावून तीन ते पाच मिनिटं थांबायचं आणि मग धुवायचं, असं दोन-चार आठवडे. लावला की लगेच धुतला तर पैसे पाण्यात. ती पाच मिनिटं मी पाठ घासण्यात काढते. महिन्याभरात फरक नाही, किंवा लाल चट्टे, पू, गोल टक्कल दिसतंय तर घरगुती काहीही न करता त्वचेच्या डॉक्टरकडे जा, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात त्वचारोग विभाग आहे.

शाम्पू कुठला हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि उत्तर ऐकून सगळ्या नाराज होतात, कुठलाही. फरक ब्रँडपेक्षा लावायच्या पद्धतीने पडतो. एका मगात थोडं पाणी घ्या, त्यात शाम्पू ढवळा, आणि ते टाळूवर ओता. बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नाही. खालच्या लांबीला वेगळा शाम्पू लावायचा नाही, फेस खाली वाहत येतो तेवढ्याने ती स्वच्छ होते. सगळे केस डोक्यावर गोळा करून कपडे धुतल्यासारखे चोळायचे नाहीत, तिथेच गुंता होतो आणि मग कंगव्याला दोष. कंडिशनर याच्या बरोबर उलटा, कानाखालच्या केसांना, टाळूला नाही. दोन मिनिटं ठेवायचा आणि केसात कंडिशनर असतानाच बोटांनी गुंता सोडवून घ्यायचा. ही एक सवय लावली तरी तुटणं निम्म्यावर येतं, निदान माझं आलं.

रोज हेल्मेट घालणाऱ्या, घामाघूम होणाऱ्या बायकांनी आठवड्यातून तीनदा धुतलं तरी काही बिघडत नाही. धुतल्याने केस गळत नाहीत. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं हे नॉर्मलच आहे, डोक्यावर साधारण लाखभर असतात, आपण चार दिवसांनी धुतो तेव्हा चार दिवसांचे सुटलेले एकदम जाळीत अडकतात आणि आपण किंचाळतो.

पाण्याचं बघा. नळाचं पाणी असेल तर प्रश्न नाही, पण विहिरीवर किंवा बोअरवर असाल आणि शाम्पूला फेसच येत नसेल, बादलीला आतून तांबूस थर बसत असेल, तर पाणी जड आहे किंवा त्यात लोखंड आहे, आपल्या लाल मातीत नवल नाही. अशा पाण्याने केस राठ होतात. सगळं डोकं बिसलरीने धुवा असं मी सांगणार नाही, पण शेवटचे दोन मग तरी नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचे घ्या. आमची एक मावशी जुलैत कौलांच्या पागोळ्यांखाली घागर लावते, पहिल्या पावसात नाही, छप्पर चांगलं धुवून निघाल्यावर. पावसाचं पाणी मऊ असतं, तिच्या केसांकडे बघून मला नेहमी वाटतं आपण पण एक घागर आणावी.

शिकेकाई, रिठा, जास्वंद याबद्दल माझं मत जरा वाईट आहे आणि ते वेळेमुळे. जास्वंदीची पानं कुस्करली की जो बुळबुळीत रस निघतो तो खरंच चांगला कंडिशनर आहे, केस लोण्यासारखे सुटतात. पण पानं आणा, धुवा, वाटा, गाळा, आणि नीट गाळलं नाही तर दुसऱ्या दिवशी मिटिंगमध्ये केसातून हिरवे कण पडतात. हे चतुर्थीच्या सुट्टीत ठीक आहे, तेही माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात तिचं, सामान आणून झालं असेल तर. शिकेकाईची पावडर उकळून गाळून वापरा, कोरडी चोळू नका, डोळ्यात गेली तर दिवस गेला. खायचा सोडा डोक्याला अजिबात नको, केसाला थोडं आम्ल चालतं आणि सोडा अल्कली आहे, केस फुलून खरखरीत होतात. कांद्याचा रस लावून बसमध्ये चढणाऱ्या बाईच्या शेजारी मी बसले आहे, जास्त काही बोलत नाही.

वाळवणं. मोठा जाड टर्किश टॉवेल केसांसाठी नको, जुना कॉटनचा टीशर्ट किंवा पंचा घ्या. खसाखसा नाही, दाबून दाबून पाणी टिपायचं. फेटा बांधायचाच असेल तर पाच-दहा मिनिटं, सैल. मग मोकळे सोडून पंख्याखाली. विंचरायची घाई नको, निम्मे वाळले की मोठ्या दातांचा कंगवा घ्या आणि टोकांपासून सुरुवात करा, चार बोटं वर, मग अजून चार बोटं, असं करत मुळांपर्यंत. मुळापासून खाली एकदम ओढलं की सगळे गुंते टोकाला जमा होतात आणि तिथे कडकन आवाज येतो, तो केस तुटल्याचा असतो. ड्रायर वाईट नाही, लोक उगाच घाबरतात. पावसात मी वापरते. फक्त आधी पंख्यावर जमेल तेवढं वाळवून घ्यायचं, ड्रायर मधल्या हीटवर, वीतभर लांब, एका जागी धरून ठेवायचा नाही. मुळं वाळली की बास, टोकं आपोआप वाळतात.

झोपताना सैल वेणी घाला. मोकळे केस उशीवर घासून रात्रभर गुंता करतात आणि मग सकाळी तोच सोडवायला वेळ नसतो.

आता सकाळ. पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला, दूध आलं, मुलाचा मोजा सापडत नाही, तुमच्याकडे केसांसाठी चार मिनिटं आहेत. केस कोरडे आहेत, वेणी घातलेली आहे. सोडायची, टोकांवरून कंगवा फिरवायचा, भांग आज डावीकडे असेल तर पुढच्या आठवड्यात उजवीकडे, परत सैल वेणी. झालं. टोकं उभी राहत असतील तर तेलाचा एकच थेंब, खरंच एक, तळहातावर चोळून फक्त टोकांना.

घट्ट बांधायचं नाही हे मी ओरडून सांगते. रोज एकाच जागी ओढून बांधलेल्या पोनीटेलने कपाळाकडची आणि कानशिलाकडची केसांची रेषा मागे जाते, आणि जास्त वर्षं झाली तर तिथले केस परत येत नाहीत. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या दोन घट्ट वेण्या रिबीन लावून आपणच घालतो, डोळे वर खेचले जातील इतक्या घट्ट. मुलगी दुखतंय म्हणत असेल तर खरंच दुखतंय. साधं रबर सोडून कापडी रबर वापरा, क्लचर रोज वेगळ्या उंचीवर लावा.

स्कूटरवाल्यांसाठी. अंबाडा किंवा उंच पोनी घालून हेल्मेट नीट बसतच नाही, मागून वर उचललं जातं आणि पट्टा सैल राहतो, केसांपेक्षा डोकं महत्त्वाचं आहे. मानेपाशी खाली सैल वेणी, वरून पातळ सुती स्कार्फ, मग हेल्मेट. स्कार्फ दोन-तीन ठेवा आणि रोज बदला, एकच स्कार्फ आठवडाभर वापरून कोंड्याला कारण शोधत बसू नका. हेल्मेटचं आतलं अस्तर बऱ्याच मॉडेलमध्ये निघतं, ते महिन्यातून एकदा धुवा. मी माझं पहिल्यांदा काढलं तेव्हाच्या पाण्याचा रंग सांगत नाही. पावसात हेल्मेट डिकीत बंद करून ठेवू नका, आत बुरशी धरते.

फुलं माळायची असतील तर माळा की. आबोलीची फाती, म्हणजे गजरा, वेणीच्या गाठीशी आकड्याने अडकवली की हलकी असते, केस ओढले जात नाहीत. म्हार्दोळच्या जाया, म्हणजे जाईची फुलं, मिळाली तर काय बोलायलाच नको, ऑफिसच्या लिफ्टमध्ये सगळे वळून बघतात. फक्त कोरड्या केसात माळा आणि रात्री काढून ठेवा, आकडा तसाच ठेवून झोपलं की सकाळी केसांची एक बट त्यात अडकलेली असते.

मिरामारला किंवा कुठल्याही समुद्रावर रविवारी पाण्यात जाणार असाल तर आत शिरायच्या आधी केस साध्या पाण्याने भिजवा आणि थोडं तेल लावा. भिजलेला केस खारं पाणी कमी ओढतो. बाहेर आल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुवा, घरी जाऊन बघू म्हणत मीठ वाळू देऊ नका.

टोकं फाटली असतील तर कापा. कुठलंही सीरम फाटलेलं टोक जोडत नाही, थोडा वेळ चिकटवून ठेवतं एवढंच. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, तीन महिन्यांनी एक सेंटीमीटर कापलात तरी दोन शिल्लक. सरळ करायच्या ट्रीटमेंटचं, माझं स्वतःचं सांगते, एका पार्लरमध्ये मी केलं होतं, करताना डोळ्यांतून इतकं पाणी आलं की बाहेर येऊन बसावं लागलं. अशा काही मिश्रणातून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटतं, बाटलीवर काय लिहिलंय ते विचारा आणि दाखवत नसतील तर उठून या. डाय लावत असाल तर आधी कानामागे ठिपका लावून ४८ तास थांबा, दरवेळी, आणि काळी मेंदी म्हणून जे मिळतं त्यातही बऱ्याचदा डायचंच केमिकल असतं.

एवढं सगळं करूनही मूठ मूठ केस जात असतील तर कारण डोक्यावर शोधू नका. दोन-तीन महिने मागे जाऊन आठवा. डेंग्यू, टायफॉइड, मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, कडक डाएट, घरातलं मोठं टेन्शन, यांतलं काही झालं असेल तर केस त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात, म्हणून संबंध लक्षात येत नाही आणि आपण नवीन शाम्पूला शिव्या घालतो. ते बहुतेक आपोआप थांबतं, बाळंतपणानंतरचं वर्षभरात तरी जागेवर येतं. मासिक पाळीत रक्त जास्त जात असेल, जिने चढताना धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. माझ्या जावेचं असंच होतं, दोन वर्षं वेगवेगळी तेलं लावली आणि शेवटी निघालं थायरॉइड.

खाण्याचं थोडक्यात, कारण तुम्हाला माहीत आहे आणि तरी करत नाही. सगळ्यांना वाढून उरलेल्या शीतकडीवर, म्हणजे भात-कालवणावर, भागवायचं नाही, ताटात मासळी नाहीतर अंडं, श्रावणात मूग, अळसांदे (आमच्याकडची मोठी चवळी). तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, खाताना वर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं, आणि जेवल्या जेवल्या चहा नको, तो लोह अडवतो. चहा तासाभराने.

नियमाला एक अपवाद आहे, नरकचतुर्दशी. त्या दिवशी पहाटे अभ्यंग चुकत नाही, नरकासुर जाळून पोरं घरी येतात, कारीट फोडायचं, तेल-उटणं, आणि उजाडायच्या आत सगळ्यांची डोकी ओली. पण त्या दिवशी बस नाही, हेल्मेट नाही, एसी नाही. केस पाठीवर मोकळे सोडून पंचा खांद्यावर टाका आणि फोव, म्हणजे पोहे, खायला बसा, दुधातले, ताकातले, गुळातले, बटाट्याचे, सगळे चाखून होईपर्यंत अर्धे वाळलेले असतात.